दाबाची एकके बदलताना आधी शून्य कुठे आहे ते पाहावे

पश्चिम महाराष्ट्रातल्या कोणत्याही साखर कारखान्यात गळीत हंगामात एक फेरी मारली, तर एकाच आवारात दाबाची निदान सहा एकके भेटतात. बॉयलरच्या ड्रमवरचा गेज किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये असतो आणि त्याला सगळे जण नुसते ‘किलो’ म्हणतात. टर्बाइनच्या पुस्तिकेत बार असतो, आणि पुस्तिका जुनी असेल तर ‘एटीए’ (पूर्ण निर्वातापासून मोजलेले किलो) असतो. भट्टीतला ड्राफ्ट, म्हणजे हवेची ओढ, पाण्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, व्हॅक्यूम पॅनवर (कमी दाबाखाली रस उकळून साखरेचे दाणे वाढवायच्या भांड्यावर) पाऱ्याचे मिलिमीटर किंवा इंच असतात, वर्कशॉपमधल्या कॉम्प्रेसरवर पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) असतो आणि नव्याने बसवलेल्या ट्रान्समीटरच्या पट्टीवर किलोपास्कल छापलेले असतात. इन्स्ट्रुमेंट विभागातल्या माणसाला या आकड्यांची एकमेकांत अदलाबदल रोजच करावी लागते. मी त्याच कामातला असल्याने या विषयाबद्दल मला मनापासून आस्था आहे, आणि नव्याने या कामात येणाऱ्या मुलामुलींना जे सांगावेसे वाटते ते इथे सविस्तर लिहून ठेवत आहे.

रूपांतराचे गुणक आता कोणत्याही मोबाइलवर सहा-सात दशांश स्थळांपर्यंत मिळतात, त्यामुळे गुणाकार चुकण्याची भीती जवळजवळ उरलेली नाही. चुका होतात त्या गुणाकाराच्या आधी. समोरचा आकडा कोणत्या शून्यापासून मोजला आहे, आणि ते शून्य त्या गावात, त्या उंचीवर नेमके कुठे आहे, हे न विचारता आकडा यंत्रात टाकला, तर गुणाकार बिनचूक असूनही उत्तर निरुपयोगी ठरते.

तरीही गुणक कुठून येतात हे ठाऊक असलेले बरे, कारण पाठ केलेला गुणक विसरतो आणि उलगडलेला विसरत नाही. एका चौरस मीटरवर एक न्यूटन बल म्हणजे एक पास्कल. हे नाव १९७१ साली वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने स्वीकारले. हे एकक फार लहान आहे, म्हणून एक लाख पास्कलचा एक बार सोयीचा पडतो, आणि १९५४ साली ठरवलेले प्रमाण वातावरण म्हणजे १,०१,३२५ पास्कल, अर्थात बारपेक्षा थोडेसेच जास्त. आपला ‘किलो’ मात्र बलाच्या मार्गाने येतो. एक किलोग्रॅम वस्तुमानाचे वजन काढताना गुरुत्व त्वरणाचे ९.८०६६५ हे मूल्य धरायचे असे १९०१ साली ठरले, आणि एका चौरस मीटरमध्ये दहा हजार चौरस सेंटिमीटर असतात. या दोहोंच्या गुणाकारातून एक किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे ९८,०६६.५ पास्कल, अर्थात ०.९८०६६५ बार, हे मूल्य मिळते आणि ते पूर्णपणे अचूक असते, कारण त्यातला प्रत्येक घटक व्याख्येनेच ठरवलेला आहे.

पीएसआयचे गणित मला विशेष आवडते. एक पाउंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलोग्रॅम आणि एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, ही दोन मूल्ये हाताशी असली की आणखी काहीच लागत नाही. एका किलोग्रॅममध्ये २.२०४६ पाउंड बसतात आणि एका चौरस इंचात ६.४५१६ चौरस सेंटिमीटर. दोहोंचा गुणाकार १४.२२३ येतो, म्हणजे एक किलो बरोबर १४.२२३ पीएसआय. या वाटेवर गुरुत्व त्वरण कुठेच येत नाही, कारण दोन्ही एकके वजनावरच आधारलेली आहेत आणि ते दोन्ही बाजूंनी कटून जाते. बारकडे जायचे झाले की मात्र ते पुन्हा येते, आणि म्हणूनच एक बार बरोबर १४.५०४ पीएसआय हा आकडा वेगळा पडतो. मोटारीच्या टायरमधली ३२ पीएसआय हवा म्हणजे २.२५ किलो किंवा २.२ बार किंवा २२० किलोपास्कल. पेट्रोल पंपावरच्या नव्या यंत्रावर यांपैकी कोणताही आकडा दिसला, तरी तो एकाच हवेचा आहे हे ओळखता यायला हवे.

पाण्याच्या स्तंभाचा संबंध तर शेतकऱ्यांनाही तोंडपाठ असतो. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ आपल्या तळाशी बरोबर एक किलो दाब देतो (पाण्याची घनता प्रति घनमीटर हजार किलोग्रॅम धरून). म्हणून पंपाच्या पाटीवर ‘हेड ६० मीटर’ लिहिलेले असेल, तर सहा किलोचा दाब असा हिशेब लगेच करता येतो. उपसा सिंचनाच्या पाइपलाइनला हा हिशेब फार उपयोगी पडतो. नदीकाठच्या पंपापासून शेतातल्या टाकीपर्यंतचा चढ ४५ मीटर असेल, तर पाणी स्थिर असतानाही पंपाजवळच्या पाइपवर साडेचार किलोचा दाब असतो. त्यात वाहत्या पाण्याच्या घर्षणाची भर पडते आणि पंप अचानक बंद झाल्यावर पाणी मागे आदळते त्याचा धक्का वेगळाच, म्हणून तिथे ‘चार किलोचा’ पाइप चालत नाही, सहा किंवा त्याहून वरच्या वर्गाचा लागतो. लाइन २५ मीटर वर चढून गेली की पाण्याचा उरलेला स्तंभ २० मीटरचा, म्हणजे दोन किलोचा राहतो आणि तिथून पुढे कमी वर्गाचा पाइप घालून बरेच पैसे वाचवता येतात. दुकानात पाइप ‘किलो’वर मागितला जातो, परंतु पीव्हीसी पाइपच्या भारतीय मानकात आता वर्ग मेगापास्कलमध्ये दिलेले आहेत. पाइपवर ०.६ एमपीए छापलेले असते आणि ते ६.१२ किलो होतात. व्यवहारात दोन्ही एकच समजले तरी बिघडत नाही, कारण फरक दोन टक्क्यांचा आहे आणि तो सुरक्षित बाजूला पडतो.

हाच दोन टक्क्यांचा फरक दुसऱ्या ठिकाणी मात्र त्रासदायक ठरतो. बार आणि किलो हे आकड्यांनी इतके जवळ आहेत की अनेक जण त्यांना एकच मानतात. समजा, एका ट्रान्समीटरची पट्टी शून्य ते दहा बार लावलेली आहे आणि नियंत्रण कक्षातल्या संगणकात तीच पट्टी शून्य ते दहा किलो अशी भरली आहे. वीस मिलिअँपिअरचा, म्हणजे पट्टीच्या वरच्या टोकाचा, संकेत आला की ट्रान्समीटरच्या दृष्टीने तो दहा बार, म्हणजे १०.२ किलो असतो आणि पडद्यावर मात्र १०.० किलो दिसतात. ही चूक प्रत्येक आकड्यात सारख्याच प्रमाणात शिरते, कधी वर-खाली होत नाही आणि दिसणारा आकडा नेहमीच विश्वसनीय वाटतो, म्हणून ती वर्षानुवर्षे टिकते. चौदापट चूक असती तर पहिल्याच दिवशी सापडली असती. सहवीजनिर्मितीच्या बॉयलरचा दाब ६७ किलो असेल, तर तो ६५.७ बार होतो. कुणी त्याला ६७ बार समजून सेफ्टी व्हॉल्व्ह लावला, तर तो १.३ किलो उशिरा उघडेल. तिथे ‘जवळपास एकच’ हे उत्तर मला मुळीच मान्य नाही.

आता शून्याकडे वळतो. बहुतेक गेजमध्ये बोर्डन ट्यूब असते. फ्रान्समधल्या यूजीन बोर्डन यांनी १८४९ साली तिचे पेटंट घेतले आणि त्यानंतर तिची मूळ रचना फारशी बदललेली नाही. वाकवलेली चपटी नळी आत दाब वाढला की सरळ होऊ पाहते आणि तिचे टोक काटा फिरवते. नळीच्या आत वाफ असते आणि बाहेर आपली नेहमीची हवा, त्यामुळे काटा जे दाखवतो तो आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक असतो. गेज उघड्यावर ठेवला की काटा शून्यावर येतो, पण त्या वेळी नळीच्या आत दाब नसतो असे मुळीच नाही, वातावरणाचा पुरा दाब असतो. या फरकाला गेज दाब म्हणतात आणि पूर्ण निर्वातापासून मोजलेल्या दाबाला निरपेक्ष किंवा ॲब्सोल्यूट दाब म्हणतात. रक्तदाबाचा १२० हा आकडासुद्धा गेज दाबच आहे. धमनीतले रक्त बाहेरच्या हवेपेक्षा १२० मिलिमीटर पारा, म्हणजे १६ किलोपास्कल, इतके जास्त दाबाखाली असते.

जुन्या जर्मन पद्धतीच्या पुस्तिकांमधला ‘एटीए’ हे किलोच आहेत, पण निरपेक्ष शून्यापासून मोजलेले. टर्बाइनमधून बाहेर पडून रस उकळायला जाणारी एक्झॉस्ट वाफ अनेक कारखान्यांत गेजवर दीड किलो असते, आणि हीच वाफ पुस्तिकेत अडीच एटीए म्हणून येते. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण गेजवरच्या दीड किलोला कुणी दीड एटीए समजून वाफेच्या तक्त्यात शोधले, तर संपृक्त वाफेचे तापमान सुमारे १११ अंश मिळते, जेव्हा प्रत्यक्षात ते १२७ अंशांच्या जवळ असते. बाष्पीभवनाच्या पहिल्या बॉडीचे (रस आटवणाऱ्या पहिल्या भांड्याचे) सगळे गणित या सोळा अंशांवर उभे असते. वाफेच्या प्रवाहमापकातही हीच अडचण येते. ऑरिफिस प्लेटने (पाइपमध्ये बसवलेल्या भोकाच्या चकतीने) प्रवाह मोजताना वाफेची घनता लागते, घनता निरपेक्ष दाबावर ठरते, आणि संगणकात वातावरणाचा दाब मिळवायचा राहून गेला, तर दीड किलोच्या वाफेचा प्रवाह सुमारे वीस टक्के कमी दिसतो. मग वाफ कुठे जाते याचा शोध घेत सगळा कारखाना पालथा घातला जातो.

६७ किलोच्या बॉयलरवर वातावरणाचा एक किलो मिळवला काय किंवा न मिळवला काय, फरक दीड टक्क्याचा. दीड किलोच्या वाफेवर तो फार मोठा. आणि दाब वातावरणापेक्षाही खाली गेला की सगळे गणितच त्या एका किलोवर येऊन ठरते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे व्हॅक्यूम पॅन, आणि त्यासाठी आधी उंचीचा विचार करावा लागतो.

इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेल्लीने १६४३-४४ च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये पाऱ्याची नळी उलटी करून दाखवली आणि हवेलाही वजन असते हे नळीतल्या पाऱ्याच्या उंचीवरून मोजता येऊ लागले. त्यानंतर ब्लेझ पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा फ्लोरँ पेरिए १९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्रान्समधल्या प्यूई द डोम या डोंगरावर तशीच नळी घेऊन चढला. पायथ्याशी एक नळी देखरेखीखाली ठेवलेली होती. तिच्यातला पारा दिवसभर जागेवर राहिला आणि डोंगरावरच्या नळीतला पारा त्या काळच्या फ्रेंच मापाने तीन इंचांहून अधिक खाली आला. मोजमापाच्या इतिहासात इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग मला दुसरा आठवत नाही. आपण गेजवर ज्याला शून्य म्हणतो ते शून्य माणसाबरोबर डोंगर चढते-उतरते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

आपल्याकडे याचा अर्थ काय होतो ते पाहू. मुंबई किंवा रत्नागिरी समुद्रसपाटीवर आहे आणि तिथे हवेचा दाब साधारण ७६० मिलिमीटर पारा असतो. पुणे, सांगली, कोल्हापूर हा पट्टा समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरच्या वर आहे. ५६० मीटर उंची धरली, तर प्रमाण वातावरणाच्या सूत्राने तिथे हवेचा दाब सुमारे ९४८ हेक्टोपास्कल, म्हणजे ७११ मिलिमीटर येतो. याचा सरळ अर्थ असा, की कोल्हापुरात कितीही उत्तम पंप लावला आणि पॅनमधून हवेचा शेवटचा कणही काढून घेतला, तरी व्हॅक्यूम गेज ७११ च्या पुढे जाऊ शकत नाही. इंचांत सांगायचे तर २८ इंच ही तिथली शेवटची मर्यादा आहे, जरी गेजच्या तबकडीवर ३० इंचांपर्यंत खुणा छापलेल्या असल्या तरी.

आता पॅनवर २५ इंच, म्हणजे ६३५ मिलिमीटर व्हॅक्यूम दिसत आहे असे समजा. पाठ्यपुस्तकातले ७६० धरून वजाबाकी केली, तर आत १२५ मिलिमीटर निरपेक्ष दाब उरतो आणि त्या दाबाला पाणी ५६ अंशांना उकळते. कोल्हापूरचे ७११ धरून वजाबाकी केली, तर आत केवळ ७६ मिलिमीटर उरतात आणि पाणी ४६ अंशांना उकळते. गेज तोच, काटा त्याच खुणेवर, आणि उकळबिंदूत दहा अंशांचा फरक. पॅनमधला मॅसेक्यूट, म्हणजे दाणे आणि पाक यांचे दाट मिश्रण, साखरेमुळे पाण्यापेक्षा काही अंश वर उकळतो, पण दहा अंशांचा फरक त्यालाही तसाच लागू होतो. तापमान जास्त राहिले तर साखरेचा नाश आणि रंग वाढतो. तापमान फार खाली गेले तर मॅसेक्यूट घट्ट होतो, अभिसरण मंदावते आणि दाणा वाढायला वेळ लागतो. म्हणजे इथे रूपांतर हा केवळ कागदावरचा विषय राहत नाही.

समुद्रसपाटीवरच्या पुस्तकात ‘पॅनवर २५ ते २६ इंच व्हॅक्यूम ठेवावा’ असे वाचून आपल्या पठारावर तोच आकडा गाठण्याचा आग्रह धरला, तर काय होते तेही पाहण्यासारखे आहे. २६ इंच म्हणजे ६६० मिलिमीटर. ७११ मधून ते वजा केले की ५१ उरतात, आणि त्या दाबाला पाणी ३८ अंशांच्या थोडे वर उकळते. पॅनमधली वाफ थंड पाण्याने निवळवणाऱ्या कंडेन्सरमधून बाहेर पडणारे पाणी जर ४५ अंशांचे असेल, तर त्या पाण्याचा स्वतःचाच बाष्पदाब ७२ मिलिमीटर असतो, त्यामुळे पॅनमधला निरपेक्ष दाब त्याखाली जाऊच शकत नाही आणि काटा ६३९ च्या पुढे सरकत नाही. अशा वेळी इंजेक्शनचे, म्हणजे कंडेन्सरमध्ये सोडायचे, पाणी वाढवले जाते, पंपावर वीज खर्च होते, सांध्यांतून हवा शिरते का ते पाहत माणसे शिफ्टभर फिरतात, आणि प्रत्यक्षात यंत्रणेत दोष काहीच नसतो. समुद्रसपाटीवरचे २५ इंच हवे असतील, तर पठारावर ७११ वजा १२५, म्हणजे ५८६ मिलिमीटर, अर्थात साधारण २३ इंच पुरेसे आहेत. हे एक वाक्य पॅनजवळच्या भिंतीवर रंगवून ठेवावे इतके ते मला महत्त्वाचे वाटते.

हाच नियम स्वयंपाकघरातही लागू आहे, फक्त तिथे तो इतका तीव्र नाही. प्रेशर कुकरची शिट्टी साधारण एक किलो गेज दाबाला उचलली जाते. समुद्रसपाटीवर आतला निरपेक्ष दाब त्यामुळे २.०३ एटीए होतो आणि पाणी १२० अंशांना उकळते. पुण्यात तो १.९७ एटीए होतो आणि उकळबिंदू एका अंशाने कमी भरतो. उघड्या पातेल्यात मात्र फरक दोन अंशांचा पडतो आणि महाबळेश्वरला तो साडेचार अंशांपर्यंत जातो. तिथे डाळ कुकरशिवाय शिजायला एवढा वेळ का लागतो याचे उत्तर यातच आहे.

स्थानिक हवेचा दाब कुठून घ्यावा, या प्रश्नावर आणखी एक फसवी जागा आहे. मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये कोल्हापूरसाठी १०१२ हेक्टोपास्कल असा आकडा दिसतो. (हेक्टोपास्कल आणि जुना मिलिबार यांचे आकडे तंतोतंत सारखेच असतात, तिथे काही बदलावे लागत नाही.) तो आकडा खोटा नसतो, परंतु तो कोल्हापूरच्या हवेचा प्रत्यक्ष दाबही नसतो. नकाशावर वेगवेगळ्या उंचीच्या गावांची तुलना करता यावी म्हणून हवामानशास्त्रज्ञ प्रत्येक ठिकाणचा दाब गणिताने समुद्रसपाटीवर उतरवून घेतात. तसे केले नाही, तर प्रत्येक डोंगरावर कायम कमी दाबाचा पट्टा दिसत राहील. गेजच्या गणितासाठी मात्र तो उतरवलेला आकडा घेतला, तर पुन्हा ७६० धरल्यासारखेच होते. मोबाइलमध्येच दाबाचा संवेदक असेल, तर तो प्रत्यक्ष दाब दाखवतो आणि कोल्हापुरात तो ९५० च्या आसपास असायला हवा.

वैमानिकांना याच समुद्रसपाटीच्या दाबावर उंचीमापक लावावा लागतो आणि तिथे एककाचा गोंधळ थेट जिवाशी येतो. भारतात आणि युरोपात तो हेक्टोपास्कलमध्ये सांगतात, अमेरिकेत पाऱ्याच्या इंचांत. प्रमाण वातावरणाचे मूल्य २९.९२ इंच आहे, आणि रेडिओवर ‘नऊ नऊ दोन’ एवढेच ऐकले, तर ते ९९२ हेक्टोपास्कल आहेत की २९.९२ चे शेवटचे तीन अंक, हे सवयीवर ठरते. ९९२ हेक्टोपास्कल म्हणजे प्रत्यक्षात २९.२९ इंच. या दोहोंतला फरक २१ हेक्टोपास्कलचा, म्हणजे जवळजवळ सहाशे फूट उंचीचा, आणि चूक अशा दिशेने होते की विमान वैमानिकाला वाटते त्यापेक्षा खाली असते. म्हणून आकड्यासोबत एकक उच्चारण्याचा नियम तिथे इतका काटेकोर आहे. आपल्या शिफ्टच्या लॉगबुकमध्येही तो तितकाच काटेकोर असावा असे माझे मत आहे.

पाऱ्याच्या स्तंभाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. एक मिलिमीटर पारा म्हणजे १३३.३२२ पास्कल हे मूल्य शून्य अंश तापमानाच्या पाऱ्यासाठी, म्हणजे प्रति घनमीटर १३,५९५ किलोग्रॅम घनतेसाठी आहे. तीस अंशांना पारा प्रसरण पावतो आणि त्याची घनता अर्ध्या टक्क्याहून थोडी अधिक घटते. त्यामुळे काचेच्या यू नळीत ६३५ मिलिमीटर वाचले, तर खरा फरक त्यापेक्षा तीन-साडेतीन मिलिमीटरने कमी असतो. वर पाहिलेल्या ७६ मिलिमीटर निरपेक्ष दाबाच्या पॅनमध्ये एवढ्याने उकळबिंदू जवळजवळ एका अंशाने सरकतो. टॉर हे एकक टॉरिचेल्लीच्या नावाचे, प्रमाण वातावरणाचा ७६० वा भाग, आणि ते मिलिमीटर पाऱ्याशी इतके जुळते की कोणत्याही कारखान्यात त्यांच्यात भेद करण्याचे कारण नाही. पारा विषारी असल्याने त्याचा वापर कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानुसार तो मापन-उपकरणांतून हद्दपार होत आहे, दवाखान्यांतली पाऱ्याची रक्तदाब यंत्रेही जात आहेत, तरी मिलिमीटर पारा हे एकक मात्र वैद्यकात पक्के रुजलेले आहे.

गुरुत्व त्वरणाचेही तसेच. व्याख्येतले ९.८०६६५ हे मूल्य साधारण ४५ अंश अक्षांशाचे आहे. आपल्या भागात ते सुमारे ९.७८ असते, म्हणजे जवळजवळ पाव टक्का कमी. गेज तपासायच्या डेडवेट टेस्टरमध्ये पिस्टनवर वजने ठेवून दाब तयार करतात, आणि ती वजने प्रमाण गुरुत्वासाठी कोरलेली असतील, तर आपल्याकडे तयार होणारा दाब तेवढाच कमी भरतो. एक टक्का वर्गाचा (पूर्ण पट्टीच्या एक टक्का चूक चालणारा) साधा गेज तपासताना याकडे दुर्लक्ष केले तर चालते. दशांश टक्क्याचा संदर्भ गेज तपासताना चालत नाही, तिथे टेस्टरच्या प्रमाणपत्रावर कोणते गुरुत्व धरले आहे ते वाचलेच पाहिजे.

याच कारणासाठी दशांश स्थळांचा हव्यास मला पटत नाही. शून्य ते दहा किलोचा, एक टक्का वर्गाचा गेज सात किलो दाखवत असेल, तर त्या सातमध्येच ०.१ किलोची अनिश्चितता असते. त्याचे रूपांतर ६.८६४६५५ बार असे लिहिणे म्हणजे गेजने न दिलेली माहिती कागदावर चढवणे होय. ६.९ बार एवढेच लिहावे. घरगुती गॅसच्या रेग्युलेटरचा दाब चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम, म्हणजे पाण्याचे ३०० मिलिमीटर किंवा सुमारे तीन किलोपास्कल, असे सांगितले की काम भागते. तिथे २.९४१९९५ लिहून काहीच साधत नाही.

राहता राहिला प्रश्न पॅनच्या ७११ या आकड्यावर किती विसंबावे हा. हवेचा दाब ऋतूनुसार बदलतो. आपल्याकडे पावसाळ्यात तो कमी आणि थंडीत जास्त असतो, आणि दिवसाच्या दिवसातही सकाळी दहाच्या सुमारास चढून दुपारी चारच्या सुमारास तीन-चार हेक्टोपास्कलने उतरतो. गळीत हंगाम मुख्यतः थंडीत येतो, तेव्हा हा चढउतार मिळून साधारण पाच मिलिमीटरच्या आत राहतो. ७६ मिलिमीटरच्या आसपास पाच मिलिमीटर म्हणजे सव्वा अंश, आणि तेवढी मोकळीक पॅनमनला परवडते. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला कारखान्याच्या उंचीवर प्रत्यक्ष दाब एकदा मोजून तो आकडा हंगामभर वापरावा आणि लॉगबुकमध्ये व्हॅक्यूमच्या रकान्याशेजारी निरपेक्ष दाबाचा रकाना ठेवावा. जिथे स्वयंचलित पॅन बसवले जात आहेत, तिथे गेज ट्रान्समीटर न मागवता ॲब्सोल्यूट ट्रान्समीटरच मागवावा. त्याच्या संवेदकाची एक बाजू तो बनवतानाच कायमची निर्वात करून बंद केलेली असते, त्यामुळे सांगलीची उंची, जानेवारीची थंडी किंवा दुपारचे चार यांपैकी कशाचाही हिशेब त्याला द्यावा लागत नाही. खरेदीच्या वेळी त्याची किंमत थोडी जास्त वाटते, पण पॅनच्या बाबतीत ती देणे योग्यच आहे.